इंजेक्शनच्या म्हशीचं दूध

पटत नसेल तर इथंच थांबा. पण हे माझ्याच डोळ्यांसमोर घडलंय. गेल्या मार्चमध्ये, कळंब्यात, भर दुपारी चार वाजता.

हंबीरराव माझे सख्खे मामा. म्हशी चार आणि माज चाळीस म्हशींचा! कास सुजली की स्वतःच अँटिबायोटिक टोचायचे. जनावरांचे डॉक्टर सांगायचे, पाच दिवस हे दूध विकू नका. मामा हसायचे आणि त्याच संध्याकाळी कॅन भरायचे. घरात तेच प्यायचे, आणि माझ्या दोन वर्षांच्या लेकीला, तेजस्वीलाही तेच दूध यायचं.

बनामामीला लगेच कळायचं. त्या दुधाला विरजण लागायचं नाही.

"औषधाचं दूध हाय ह्ये. लोकांस्नी घालू नगासा."

"तू डाक्टर हायस व्हय गं?"

मग मामीच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली. दवाखान्यात तपासणी झाली, रिपोर्ट आला...

एकही अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं.

दहाव्या दिवशी मामी गेली. तिचं बारावं झालं आणि तेराव्याला या शहाण्यानं पुन्हा सुई उचलली.

त्याच दिवशी धारेची बादली उलटली. दुसऱ्या दिवशीही. फक्त टोचलेल्या म्हशीची.

"मांजार आसंल," मामा म्हणाले. भरलेली बादली उलटणारं मांजर!

तिसऱ्या दिवशी मीच बादली धरून बसले.

चार वाजले. गोठा एकदम गप्प झाला. शेपट्यासुद्धा हलेनात...

मामीच्या जखमेच्या ड्रेसिंगचा वास आला.

माझ्या बोटांवर गार बोटं आली... आणि एकेक करून त्यांनी माझी पकड सोडवली.

दूध शेणात गेलं. मामांनी पाहिलं. नीट पाहिलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

मग त्या माणसानं उरलेल्या दुधात पाणी ओतून माप पुरं केलं आणि डेअरीची वाट धरली! मेलेल्या बायकोपुढंही न लाजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मी त्यांचं दूध बंद केलं. शाहूपुरीतल्या माझ्या फ्लॅटवर पिशवीचं दूध आणलं, तापवून ओट्यावर ठेवलं. चार वाजता स्वयंपाकघरात आवाज झाला...

पातेलं पालथं.

दुकान बदललं. पुन्हा पालथं.

गोठ्यात मामीनं चांगल्या म्हशीचं दूध एकदाही सांडलं नव्हतं.

तिसऱ्या दुकानातलं दूध आत्ता गॅसवर आहे. तेजस्वी रिकामा पेला घेऊन ओट्यापाशी उभी आहे. चार वाजत आलेत...

मामी, एकदा तरी चूक गं.