लक्ष्मीकांतची तार

लाइट येईपर्यंत बसायचंच आहे, तर नीट सरकून बसा. ए विक्रम, तो मोबाइल पालथा घाल. भुताला तोंडावर उजेड मारलेला आवडत नाही. हसतोस काय? तुझ्या आजोबांनाही नव्हता आवडत, आणि ते तर जिवंत होते.

गोष्ट लांबची नाही. इथलीच, इंदूरच्या बडा गणपतीच्या मागची गल्ली, आपला गोपीनाथ. हो, तोच, टेलिफोनमधून रिटायर झालेला. कोणी उठताना 'येतो काका' म्हटलं की तोंड फिरवून घेतो तो. तुम्हाला वाटतं म्हातारा घमेंडी आहे. आधी ऐका, मग म्हणा.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. रविवार. रात्रीचे नऊ वाजायला आलेले आणि गोपीनाथ हातात पक्कड घेऊन शेजारच्या घरी निघाला. काम साधं होतं. शेजारचा लक्ष्मीकांत मास्तर जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. त्याची मुलगी अबोली पुण्याहून आलेली, बापाचं पान ठेवायला आणि घराच्या चाव्या नव्या मालकाला द्यायला. वरच्या खोलीत मास्तरचा रेडिओ तसाच पडून होता. तो श्रीहरी नावाच्या एका मुलाला द्यायचा ठरला. महाराष्ट्रातून इथं नोकरीला आलेला इंजिनियर, त्याला त्याच गोष्टीचा शौक. सकाळी येऊन नेणार होता.

"काका, कोणती वायर कशाची, मला काही समजत नाही," अबोली म्हणाली होती. "तेवढं सोडवून खोक्यात भरून द्याल?"

गोपीनाथ दिवसभर टाळत राहिला. शेवटी वसुधावहिनी म्हणाल्या, "अहो, पोरगी सकाळपासून वाट बघून राहिली. जाता का मी जाऊ पक्कड घेऊन?" तेव्हा कुठे उठला.

आता हा रेडिओ म्हणजे गाणी लागतात तो नाही, खुशी. याला सरकारची परीक्षा द्यावी लागते, लायसन लागतं. गच्चीवर लांब तार ताणायची, तो झाला एंटिना. मग रात्री जपान नाहीतर रशियातला एखादा आपल्यासारखाच रिकामटेकडा गाठायचा. हॅम म्हणतात यांना. मास्तर आणि गोपीनाथ दोघंही हॅम, आणि हे दोघं बोलायचे ते तोंडानं नाही. टेबलावर पितळेची चावी. कुलपाची नाही गं, दाबायची. लांब दाबली, आखूड दाबली, त्याची अक्षरं होतात. एकानं दाबायची, दुसऱ्यानं कानाला हेडफोन लावून ऐकायची.

दोघांच्या घरांची भिंत एक. तरी रोज रात्री नऊला आपापल्या खोलीत बसून टिक-टिक. वहिनी म्हणायच्या, "भिंतीवर बुक्की मारली तरी ऐकू येईल, एवढा खटाटोप कशाला?" पण ते त्यांना कुठलं पटायला.

लक्ष्मीकांतचा अंगठा लहानपणी उसाच्या चरकात सापडलेला. त्यामुळे त्याची दुसरी टिक नेहमी जरा मागे राहायची. टिक... टिक. हॅम लोक म्हणे एकमेकांचा हात ओळखतात, आपण चालीवरून माणूस ओळखतो तसा. मास्तरचा हात तर हजारात ओळखावा.

बोलणं संपलं की तो दोन टिक द्यायचा आणि गोपीनाथ दोन टिक परत. ही रीत सगळीकडचीच, राम-राम म्हणावं तशी. पण मास्तरला प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावायची खोड. तो म्हणायचा, "गोप्या, आपण कोणाच्या घरून उठताना 'जातो' म्हणतो का? नाही. 'येतो' म्हणतो. आणि घरचा माणूस म्हणतो 'ये'. तर माझी दोन टिक म्हणजे 'येतो', आणि तुझी दोन म्हणजे 'ये'. तू 'ये' म्हटल्याशिवाय मी उठणार नाही." चाळीस वर्षं हेच चाललं. एकदा मास्तरला ताप होता तरी उठून दोन टिक देऊन मग झोपला.

भांडण झालं ते तारेवरून. मास्तरच्या तारेचं दुसरं टोक गोपीनाथच्या गच्चीवरच्या पाइपाला बांधलेलं होतं. स्वतः बांधली होती मास्तरनं, टोकाला बडा गणपतीच्या देवळातला, मनगटाला बांधतात तो लाल-पिवळा नाडा कुंकू लावून गुंडाळून. म्हणायचा, तार सरकारची परवानगी घेते, मी गणपतीची घेतो. मग गोपीनाथच्या मुलानं गच्चीवर सोलर बसवलं. स्टँडच्या मध्ये तार येऊन राहिली. मास्तर त्या दिवशी हातोदला लग्नाला गेलेला. गोपीनाथनं पक्कड घेतली, तार कापली, गुंडाळी केली आणि मास्तरच्या दारात ठेवून दिली, जुनी दोरी ठेवावी तशी.

मास्तर संध्याकाळी आला. गुंडाळी बघितली.

"विचारायचं तरी, गोप्या."

"माझी गच्ची आहे. विचारायचं काय त्यात?"

बस, एवढंच. त्या रात्री टिक-टिक नाही. दुसऱ्या रात्री नाही. दोघंही हट्टी, आणि मध्ये पडणारं कोण? मास्तरची बायको कधीच गेलेली. वहिनींना गोपीनाथनं बोलूच दिलं नाही.

आषाढात एका रात्री गोपीनाथ आपला सेट लावून बसला होता. तेव्हा आवाज आला. बारीक, खोल. मास्तरनं हातभर वायर खिडकीच्या गजाला अडकवून काम भागवलं असणार. पण हात त्याचाच. *गो पी. गो पी.* गोपीनाथ मनात म्हणाला, आला वळणावर. मग पुढे आलं, *वा य र.* झालं, याचं डोकं तापलं. अजून वायरच घेऊन बसलाय म्हणाला, आणि सेट बंद करून झोपायला गेला.

सकाळी दूधवाल्यानं दार ठोठावलं. मास्तर वरच्या खोलीत खुर्चीवरच होता. हात चावीवर. मोबाइल खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला. डॉक्टर म्हणाले, एकदम नाही गेले. बराच वेळ बसून असतील.

हे गोपीनाथनं तेव्हा कोणाला सांगितलं नाही. वहिनींनाही नाही.

तर त्या अमावस्येला तो दारात आला आणि अबोलीनं तेच विचारलं. सामानाच्या पेट्यांमध्ये उभी होती बिचारी. म्हणाली, "काका, एक विचारू? त्या रात्री बाबांनी तुम्हाला बोलावलं होतं का? चावीवर हात होता ना त्यांचा. मी वर्षभर हाच विचार करून राहिले. बोलावलं असतं तर तुम्ही गेलाच असता, हे मला माहीत आहे. फक्त त्यांनी बोलावलं होतं का, एवढं सांगा."

सांगायला हवं होतं ना? पोरगी त्याच्या मांडीवर खेळलेली. सकाळी जाणार, परत इंदूरला कशाला येते आता. हीच एक वेळ होती.

गोपीनाथ म्हणाला, "माझा सेट बंद होता गं त्या दिवशी."

आणि जिना चढला.

खोलीत बल्ब होता. टेबल, खुर्ची, सेट. टेबलाखाली तारेची ती गुंडाळी, टोकाला नाडा, विटून पांढरा पडलेला. गोपीनाथनं तिकडे बघायचं टाळलं. आधी बॅटरीच्या वायरी काढल्या. मग गजाची ती हातभर वायर. मग चावीची. हेडफोनची पिन उपसली. सेट खोक्यात ठेवला, हेडफोन त्यावर ठेवला. पितळेची चावी तेवढी टेबलावर राहिली. तिच्या वायरचं टोक खाली लोंबत होतं, कशालाच न जोडलेलं.

तो चिकटपट्टी शोधायला वळला.

टिक... टिक.

त्याला वाटलं पाल असेल. पट्टी घेतली. खोक्याचं झाकण मिटवायला हात घातला.

आवाज खोक्यातून येत होता.

हेडफोनमधून. पिन बाहेर लोंबत होती. त्यानं ती हातात धरून बघितली. गार. नुसतं लोखंड.

*गो...*

*पी...*

दुसरी टिक मागे राहत होती.

विक्रम, पाय वर घे. असू दे, मी पण घेते.

पळायला हवं होतं त्यानं. पण माणूस असा की... त्यानं हेडफोन उचलला. कानाला लावला. आतून दमल्यासारखा आवाज. एक अक्षर. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

*वा...*

*य...*

*र...*

इथंच बंद केलं होतं त्यानं. इथपर्यंतच ऐकलं होतं. या वेळी बंद करायला काही नव्हतं.

*जा...*

*ऊ...*

*दे.*

...

*व र...*

*ये.*

वायर जाऊ दे. वर ये.

बस, एवढंच म्हणायचं होतं मास्तरला. भांडण सोडून दिलं होतं त्यानं. एका भिंतीपलीकडे बसून माणूस वर बोलावत होता. आणि हा...

गोपीनाथ खुर्चीवर बसला. मास्तरच्याच खुर्चीवर, दुसरी नव्हती.

हेडफोन गप्प.

बल्ब जळत होता. खाली अबोली पेटी ओढत होती.

मग...

टिक.

...

टिक.

येतो.

चाळीस वर्षांची सवय. विचार करायला वेळ नसतो. गोपीनाथचा हात आपोआप चावीवर गेला.

टिक टिक.

ये.

चावी कशालाच जोडलेली नव्हती. हात उचलल्यावर त्याला समजलं, आपण काय म्हणून बसलो. वर्षभरापूर्वी म्हणायचं ते. आणि कोणाला.

खोलीत काही झालं नाही. दार वाजलं नाही, बल्ब गेला नाही. फक्त पितळ गरम होतं. जिथं मास्तरचा अंगठा असायचा, तिथं.

चावी आत टाकून, खोका उचलून तो खाली आला तर अबोली जिन्याच्या पायथ्याशी उभी. चेहरा पांढरा.

"काका, वर काय करत होता?"

"चावी चालते का बघत होतो."

"दोनदा वाजली."

"हो मग."

"पहिल्यांदा दुसरी टिक मागे राहिली. बाबांची राहायची तशी."

"हात थरथरतो गं आता."

"मग नंतरच्या दोन बरोबर कशा आल्या?"

गोपीनाथनं खोका तिच्यापुढे केला.

अबोलीनं तो तसाच त्याच्या हातात राहू दिला. मग अगदी हळू विचारलं, "त्या रात्री तुमचा सेट बंद होता ना, काका?"

आता तरी. आता तरी म्हणायचं होतं मेल्यानं.

"बंद होता," गोपीनाथ म्हणाला.

तिनं खोका घेतला. तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या, आणि आपल्याकडे म्हणतात तसं म्हणाला, "बरं, येतो."

अबोली 'या' म्हणाली नाही. दार लावून घेतलं.

सकाळी श्रीहरी आला, खोका घेऊन गेला. अबोलीनं नव्या मालकाला चाव्या दिल्या आणि स्टेशनला गेली. गोपीनाथच्या घरी डोकावलीही नाही. त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही, आजपर्यंत.

दुपारी श्रीहरीचा फोन. "काका, सगळं मिळालं, पण एंटिनाची लांब वायर नाहीये. अबोलीताई म्हणाल्या होत्या टेबलाखाली आहे."

"टेबलाखालीच होती," गोपीनाथ म्हणाला. "मी बघितली."

नव्या मालकानं वर जाऊन बघितलं. खोली रिकामी. टेबलाखाली गोल डाग, गुंडाळीएवढा, धूळ नसलेला.

तार वसुधावहिनींना सापडली. पलंगावरची चादर बदलायला गेल्या होत्या. तार मास्तरच्या गच्चीवरून निघाली होती. सोलरच्या पाट्यांवरून आली, भिंतीवरून उतरली, आणि खिडकीच्या मच्छरजाळीतून आत. जाळी कुठे फाटलेली नाही. टोक गोपीनाथच्या उशीपाशी, पलंगाच्या दांड्याला बांधलेलं.

मुलगा पक्कड घेऊन आला. गोपीनाथनं त्याचा हात धरला. म्हणाला, "विचारल्याशिवाय नाही कापायची."

"कोणाला विचारू, बाबा?"

त्याचं उत्तर त्यानं दिलं नाही. तेव्हापासून तो कोणाच्या 'येतो'चंही उत्तर देत नाही.

तार अजून तिथंच आहे. तार सापडल्यावर त्यानं वहिनींना सगळं सांगितलं; त्या आता दुसऱ्या खोलीत निजतात. परवा मला घेऊन गेल्या, म्हणाल्या, बघा तर. वर्षभराच्या धुळीनं तार काळी पडली आहे. पण टोकाला जो नाडा बांधलाय ना, तो कोरा. लालचटक, पिवळाधमक. हात लावला तर बोटाला ओलं कुंकू लागलं.