हळद्या अजून वरच आहे

‘या संहितेतील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून कोणत्याही जिवंत अथवा मृत व्यक्तीशी त्यांचे साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.’

‘हळद्या’ या कधीही न निघालेल्या चित्रपटाच्या संहितेत, दुसऱ्या पानावर, चौकट आखून हे विधान छापलेले आहे. जिल्ह्यातल्या एका साहित्य मंडळाने न निघालेल्या चित्रपटांच्या संहितांची मालिका काढायचे ठरवले आणि संपादक व्यंकटराव यांनी पहिल्याच संहितेचे कच्चे मुद्रण अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवले. मी वसमतच्या एका महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकवते. तुमच्याइतके निःपक्षपाती दुसरे कोणी सापडणार नाही, असे ते फोनवर म्हणाले. व्यंकटराव सज्जन गृहस्थ आहेत. त्यांना काहीच ठाऊक नव्हते.

विधान तपासू. ‘जिवंत अथवा मृत’: यातला दुसरा पर्याय मला अद्याप लागू झालेला नाही. ‘साम्य’: संहितेची नायिका मंजिरी ही औंढ्याच्या देवळातल्या एका पुजाऱ्याची मुलगी आहे. ती व्याकरणात पीएचडी करते, भज्यांच्या पुडीचा कागद उलगडून त्यातल्या मुद्रणचुका लाल पेनाने दुरुस्त करते आणि चहा किती गरम आहे हे त्यात बोट बुडवून पाहते. माझे वडील विश्वंभर औंढा नागनाथला पूजेत असतात. उरलेल्या बाबींविषयी माझ्या उजव्या तर्जनीकडे विचारणा करावी. ‘योगायोग’ या शब्दाकडे मी शेवटी येईन. राहता राहिला ‘निव्वळ’. शब्द उत्तम आहे. लेखकाला तो मीच शिकवला होता.

लेखक म्हणजे सोमेश्वर, राहणार पुसेगाव.

त्याची माझी भेट झाली ती वसमत बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. खरे तर माझी भेट आधी त्याच्या नायकाशी झाली. अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी होता. माझ्या प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्याच्या प्रती निघत असताना वीज गेली, दुकानदाराने अंधारात दोन गठ्ठे सारखे केले आणि मी त्यातला एक घेऊन औंढ्याची बस पकडली. घरी येऊन पाहते तर ‘जुन्या गद्यातील क्रियापदे’ या प्रकरणाच्या मध्यभागी एक माणूस हळद शिजवायच्या काहिलीतून वाफा टाकत वर येत होता, आणि खाली लिहिले होते – ‘हळद्या आभाळात उडून राहिला.’

मी पान खाली ठेवायला हवे होते. मी लाल पेन उचलले, ‘उडून राहिला’ खोडले आणि वर लिहिले, ‘उडत आहे’.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर एक उंच, सावळा मुलगा माझी पाने छातीशी धरून उभा होता. त्याने ती अदबीने परत केली, स्वतःची घेतली, लाल खुणा एकेक करून पाहिल्या. मग म्हणाला, “मॅडम, तुमचं बी वाचलं म्या. चांगलं हाय... पिक्चर म्हनून जरा हळू चालते.”

“तुमच्या नायकाला उडता येतं,” मी म्हणाले. “वर्तमानकाळ येत नाही.”

तो हसला. ते हसणे आधी डोळ्यांत यायचे, ओठांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागायचा – आणि तेवढ्या वेळात समोरच्याचे जे व्हायचे ते होऊन जायचे. हे माझे निरीक्षण आहे. निष्कर्ष वाचकांनी काढावा.

नायकाविषयी थोडे. हळद्या हे एका पिवळ्याजर्द पाखराचे नाव. या हळद्याच्या तळहाताने जखमा भरतात, तो उन्हावर उडतो आणि वाळवणावर अवकाळी ढग आले की त्यांना अंगाने ढकलून लांब नेतो. एकच मर्यादा: त्याची शक्ती जिल्ह्याच्या हद्दीतच चालते. पैनगंगा ओलांडली की तो धाडकन खाली येतो. मुंबईच्या निर्मात्याने विचारले होते, हा महानायक मुंबईला का येत नाही? सोमेश्वरने उलट विचारले होते, आमचे तहसीलदार तरी कुठे येतात? निर्मात्याला ते आवडले म्हणे. फक्त भाषा शुद्ध करून आणा, एवढीच त्याची अट होती.

म्हणून तो माझ्याकडे शुद्ध मराठी शिकू लागला. दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या ओट्यावर आम्ही बसत असू. कडुनिंबाची पाने गळून संहितेवर पडत, तो ती फुंकरीने उडवी आणि ओळ हरवली म्हणून माझ्याकडे पाही. ओळ त्याला सापडत नसे. मलाही सापडत नसे. मी त्याच्या तोंडून ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’, ‘येऊन राहिलो’ ही सगळी रूपे एकेक करून खरवडून काढली. तो निमूट काढू देई. एकदाच म्हणाला, “मॅडम, ‘येत आहे’ म्हनलं की कुनी तरी पावनं येऊन राहिल्यावानी वाटते. ‘येऊन राहिलो’ म्हनलं की मीच येतो.”

मी त्यावर त्याला साहाय्यक क्रियापदे समजावून सांगितली.

मार्चमध्ये एकदा काहिलीचे दृश्य तपासायचे म्हणून मी पुसेगावला गेले. संहितेतल्या तांत्रिक तपशिलांची शहानिशा हा संशोधनाचाच भाग असतो, असे मी घरी सांगितले होते. शिजलेली हळद शेतात वाळत पडलेली, हवेत तिचा ओलसर, मातकट वास... आणि बघता बघता आभाळ काळे झाले. त्या दिवशी ढग ढकलायला कोणी आले नाही. सोमेश्वर, त्याची आई मनकर्णाबाई आणि मी – तिघांनी ताडपत्र्या ओढल्या. एका ताडपत्रीचे एक टोक त्याच्या हातात होते, दुसरे माझ्या. वारा ती उचलू पाहत होता, आणि आम्ही एकमेकांकडे सरकत सरकत तिला दाबून धरत होतो. पाऊस थांबल्यावरही टोके लगेच सोडली गेली नाहीत.

घरी आईने माझे हात पाहिले. बाबांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली की आपण काही ठरवायच्या आधीच हिचे हात पिवळे झालेले दिसतात.

एप्रिलमध्ये शुद्ध झालेली संहिता घेऊन तो मुंबईला गेला. परत आलो की तुमच्या बाबांशी बोलतो, असे म्हणून गेला. दहा दिवस त्याचा आवाज नाही. मग मोबाईलवर एक ओळ आली:

‘मी येऊन राहिलो.’

मी ती पुनःपुन्हा वाचली. मी येऊन राहिलो. मी आलो आणि राहिलो. कर्ता एक, क्रिया दोन, दोन्ही पूर्ण. मुंबईने त्याला ठेवून घेतले होते, आणि त्याने ही वार्ता निर्दोष मराठीत मला कळवली होती. बाबांचे नाव नव्हते, माझे नव्हते. मी तितक्याच निर्दोष मराठीत उत्तर दिले: ‘अभिनंदन. तिथेच राहा.’

त्यानंतर काही आले नाही. चित्रपट निघाल्याचेही कुठे आले नाही. मी प्रबंध पूर्ण केला, नोकरी धरली, आलेली स्थळे एकामागून एक व्याकरणदृष्ट्या सदोष ठरवली.

आणि आता ही संहिता. हिचा शेवट मला माहीत होता: हळद्या गावावरून एक घिरटी घालतो आणि पडदा पडतो. छापील शेवट निराळा आहे. हळद्या वसमत बसस्थानकावर उतरायला येतो. खाली मंजिरी नाही. फक्त तिचा आवाज येतो, ‘तिथेच राहा.’ तो आज्ञाधारकपणे हवेत थांबतो. बसगाड्या सुटतात, दुकाने बंद होतात, औंढ्याची शेवटची गाडी निघून जाते... तो वरच. इतक्या वर्षांत लोकांना त्याची सवय होते. पाखरे त्याच्या खांद्यावर बसतात. समाप्त.

‘तिथेच राहा’ हे वाक्य या जगात केवळ दोन मोबाईलांमध्ये होते. त्याला योगायोग म्हणणाऱ्या माणसाला योगायोग या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, किंवा तो खोटे बोलत आहे.

समीक्षकाने लेखकाला भेटू नये, असा संकेत आहे. मी पुसेगावची बस धरली.

हंगाम तोच. शेतात हळद पसरलेली होती. मनकर्णाबाई कडेला बसून हरळी वेचत होत्या, त्यांनी कपाळावर हात धरून मला न्याहाळले आणि मान न वळवता मागे सांगितले, “ऊठ रे. तुझं पिक्चर आलं.”

सोमेश्वर काहिलीमागून, वाफेतून बाहेर आला. कानशिलावर थोडे पांढरे, बाकी तोच. बाजेवरचे पोते झटकत म्हणाला, “बसा, मॅडम.”

मी बसले नाही. मी संहिता उघडून दुसऱ्या पानावरच्या चौकटीवर बोट ठेवले आणि हे काय आहे, असे विचारले. ते समद्याच पिक्चरमध्ये असते, असे तो माझ्या चपलांकडे पाहत म्हणाला. मी शेवटच्या पानावर बोट ठेवले. त्याने बाजेवरचे पोते पुन्हा झटकले.

“मुंबईत स्थायिक झालेल्या माणसाला वसमतच्या बसस्थानकाची एवढी माहिती कशी?” मी विचारले.

“कोन स्थायिक झालं?”

“तुम्ही. तुम्हीच कळवलं होतं. मी येऊन राहिलो.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. “व्हय. येऊन राहिलो.”

“तेच म्हणते मी. येऊन राहिलात.”

“तसं न्हाई मॅडम... येऊन राहिलो. बसमधी व्हतो. परभनी मागं पडली व्हती. त्या लोकायनी पिक्चर नको म्हनलं, म्हनलं आता सरळ वसमत गाठावं, तुमी स्टँडवर येसान...” तो थांबला. “तुमी लिवलं, अभिनंदन. तिथेच राहा.”

कुठेतरी खरोखरच एक हळद्या बोलत होता.

व्याकरण सोपे आहे. त्याच्या बोलीत ‘राहणे’ हे साहाय्यक क्रियापद चालू क्रिया दाखवते: येऊन राहिलो, म्हणजे येत आहे. प्रमाण भाषेत तेच मुख्य क्रियापद होते: आलो, आणि मुक्काम केला. या विषयावर माझा एक शोधनिबंध आहे. दोन महिने मी ते रूप त्याच्या जिभेवरून पुसत होते, आणि हरलेल्या दिवशी, परभणीच्या पुढे, बसच्या खिडकीशी ते आपसूक परत आले तेव्हा मी ते ओळखले नाही. कारण माझा माझ्या अध्यापनावर विश्वास होता.

पण म्हणून आरोपी सुटत नाही.

“मी आले नाही,” मी म्हणाले, “तर तुम्ही विचारलं का नाही? ‘का’साठी तुमच्याच बोलीत शब्द आहे. काहून. तीन अक्षरं. मला तो वापरायची सवय नाही, तुम्हाला जन्मापासून आहे. त्या माणसाला अकरा वर्षं हवेत टांगून ठेवायचे कष्ट घेतलेत. तीन अक्षरं लिहायचे नाही घेतले?”

माझा आवाज चढला नव्हता. माझा आवाज चढत नाही. पण मनकर्णाबाई हरळी वेचायच्या थांबल्या. “भांडून घ्या बराबर,” त्या म्हणाल्या. “हळद वाळस्तवर येळ हाय.”

तेवढा वेळ मिळाला नाही. वारा फिरला, काहिलीची वाफ आडवी झाली आणि पहिला टपोरा थेंब शेवटच्या पानावर, बरोबर ‘समाप्त’वर पडला. मनकर्णाबाई ओरडल्या. सोमेश्वरने ताडपत्री उचकटली. मला कोणी सांगितले नाही. दुसरे टोक कुठे असते ते मला माहीत होते.

तीच झटापट, तोच वास. ताडपत्री फडफडत होती आणि आम्ही तिला दाबत सरकत होतो, तो त्या बाजूने, मी या बाजूने. शेवटी सरकायला जागा उरली नाही. त्याच्या पापण्यांवर पाणी होते. माझे हात मनगटापर्यंत पिवळे.

“अभिप्राय उद्या द्यायचा आहे,” मी म्हणाले. “तुम्हाला काही सांगायचं असेल तर आता.”

त्याने सांगितले. ते हसणे आधी डोळ्यांत आले, मग बोलणे.

सबब, व्यंकटराव, माझा अभिप्राय असा: संहिता छापावी. दुरुस्ती एकच. दुसऱ्या पानावरची चौकट काढून टाकावी आणि तिच्या जागी लेखकाचा पुढील जबाब द्यावा. तो त्याने ताडपत्रीचे टोक न सोडता दिला. मी त्यातले एकही रूप सुधारलेले नाही, कोणी सुधारू नये.

“योगायोग न्हाई. मंजिरी म्हंजे तुमीच, पयल्या पानापासून. काहून इचारलं न्हाई म्हनाल तं भेव वाटलं... तुमी खरंच नको म्हनून सांगितलं असतं तं? म्हनून त्याला वरच ठिवला. तिथून निदान औंढा दिसते. आता हात धुवू नका. आज सांजच्याला तुमच्या बाबाकडं मी येऊन राहिलो – कोन्त्या अर्थानं, ते तुमीच ठरवा.”