वेताचं कडं

हौसेला मोल नसतं. आबांनी तीस वर्षं ज्या मार्गावर इंजिन हाकलं, तिथली वाफेची गाडी आता फक्त सहलीवाल्यांसाठी रविवारी धावायची. म्हाताऱ्याला एकदा तरी प्रवासी म्हणून बसू दे, म्हणत मुलगा आणि सून त्यांना घेऊन आले होते. तीन वर्षांची नात चिमी खिडकीशी, आजोबांच्या मांडीवर.

आबांची जीभ सकाळपासून सैल सुटली होती. एकेरी रूळ म्हणजे स्टेशनवाल्याने दिलेलं वेताचं कडं, पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण, हातात आल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जायची मुभा नाही. धावत्या इंजिनातून मागच्या स्टेशनचं जुनं कडं द्यायचं, नवं झेलायचं. आपल्या हातून एकही चुकलं नाही, असं त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मुलगा म्हणाला, आबा, निदान लग्नात तरी हार नीट झेलला होता ना? सून तोंडावर हात ठेवून हसली.

आता ती कडी कुठे राहिली होती! पण भर दुपारी एका पडक्या थांब्यापाशी गाडी मंदावली, आणि फलाटाच्या टोकाला एक माणूस कडं उंच धरून उभा दिसला. इंजिन पुढे निघून गेलं तरी तो हलला नाही. कडं त्याने यांच्या खिडकीसमोर धरलं.

हाताला डोळे नसतात, सवय असते. आबांचा हात बाहेर गेला. कडं कोपरापर्यंत सरकलं. गार होतं, विहिरीतून काढल्यासारखं.

माणसाने रिकामा पंजा पुढे केला. "जुनं?"

आबांजवळ द्यायला काय होतं? माणसाची नजर डब्यात शिरली, मुलावरून, सुनेवरून फिरली आणि चिमीवर येऊन थांबली.

गाडी पुढे गेली. चिमीने आईकडे पाणी मागितलं. सून बाहेरच बघत राहिली. चिमीने तिचा हात ओढला, तशी सून अंग चोरून सरकून बसली. मुलाने त्रासिकपणे विचारलं, हे पोर कुणाचं? आबांना थट्टा वाटली. मग त्यांनी त्याचे डोळे पाहिले.

चिमी रडू लागली. "ए," मुलगा खेकसला, "आपल्या माणसांकडे जा."

आबांनी तिला छातीशी धरलं. ओठांवर देवाचं नाव आलं आणि अर्ध्यातच राहिलं. पुढचा थांबा आला होता. तोच फलाट. तोच माणूस.

आबांनी कडं खिडकीबाहेर धरलं. "घे बाबा तुझं. मला नको."

त्याने त्याकडे पाहिलंही नाही. "ते पुढच्या स्टेशनला द्यायचं. मला जुनं."

आबांनी मिठी आवळली.

मिठीत त्यांचेच दोन हात एकमेकांना लागले.

"चिमी कुठाय?"

मुलाने दात आवळले. "पुन्हा तेच, आबा? आम्हाला मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून सहा वर्षं झाली. हिच्यासमोर तरी गप्प बसा."

बाहेर बघत, चाकांच्या ठेक्यावर, सून आपली रिकामी मांडी हलकेच थोपटत होती.

मुलाचा आवाज चढला, तसं मान न वळवता तिने ओठांवर बोट ठेवलं.