डावी सीट

गाडी आली तीच मुळी ट्रॅक्टरच्या मागं. देवगाव रंगारीहून औरंगाबादपर्यंत दोराला बांधून ओढत आणलेली. मे महिन्याचं ऊन, रस्त्यावरचं डांबर पाघळलेलं, आणि त्यात ही दोन सीटची विलायती बाहुली. तारांची चाकं, कापडी टप, आणि इतकी बुटकी की आत बसलं की बूड रस्त्याला घासतंय असं वाटावं. मालक काकासाहेब जीपमधून उतरले, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "लई बिघाड नाय, मिस्त्री. उगं तापती अन् करंट जातो. मुंबईचा एक हॉटेलवाला बघायला येणार हाय, तवर करून द्या."

ज्याची गाडी ट्रॅक्टरला बांधून येते तो 'लई बिघाड नाय' म्हणाला की माझं टाळकं तिथंच सटकतं. मी विचारलं, किती चालल्यावर तापते? चढाला तापते की सपाटीला? तर म्हणे, "ते तुमी बघा की." माणूस डॉक्टरकडं गेला की पोट दुखतंय का डोकं ते तरी सांगतो. मेकॅनिककडं येताना मात्र तोंड शिवून येतो.

उस्मानपुऱ्यातलं गॅरेज माझं आणि कमरोद्दीनचं. इंजिन मी बघायचो, वायरिंग तो. त्याच्याजवळ मीटर होता, पण तो बहुतेक पेटीतच असायचा. चालत्या गाडीत तो डाव्या सीटवर बसायचा, डॅशबोर्डखाली हात घालायचा आणि डोळे मिटून वायरींवरून बोटं फिरवायचा. जोड कच्चा असला की वायर तिथं तापते, आणि ती ऊब त्याच्या बोटांना बरोबर कळायची. म्हणून आमची ट्रायल कायम दोघांची असे. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं डावीकडं बसून चाचपायचं. एकट्यानं ट्रायल घेतलेली गाडी आम्ही कधी कुणाच्या हवाली केली नव्हती.

या गाडीला आम्ही जीव लावला हे कबूल. रेडिएटर उतरवून साफ केला, पंख्याचा पट्टा नवा घातला, गॅस्केट बदललं, टायमिंग लावलं. आमच्याकडं गाडी तापली की पहिल्यांदा पाणी अडवणारं थर्मास्टेट काढून फेकायची रीत आहे. ते कुणीतरी आधीच फेकून दिलेलं होतं. कमरोद्दीननं डायनॅमोचे कार्बन बदलले, बॅटरीची अर्थ पट्टी घासून चकचकीत केली. मग भर उन्हात, गॅरेजच्या दारात, दुपारभर इंजिन चालू ठेवलं. काटा मधल्या खुणेच्या पुढं गेला नाही.

"झाली," मी म्हणालो.

"चलून बघू दे, किसनभाई," कमरोद्दीन म्हणाला. माझं नाव रामकिसन, पण त्याच्या तोंडी कायम किसनभाई.

दौलताबादच्या रस्त्याला लागलो. मिटमिटा मागं पडलं आणि काटा चढायला लागला. किल्ल्याचा डोंगर समोर येईतो तो लाल पट्ट्यात गेला. हॉर्न बसला, गाडीतल्या विजेवरच्या पेट्रोल पंपाची टकटक बंद झाली आणि गाडी उभी राहिली. मी शिव्या घालत बॉनेट उघडलं. वाफ अंगावर येईल म्हणून हातात फडकं घेतलं होतं. फडक्याची गरजच पडली नाही. रेडिएटरवर उघडा तळवा ठेवता येत होता. आतलं पाणी इतकं कोमट की अंघोळीलाही कुणी घेतलं नसतं. आणि काटा लाल पट्ट्यात.

या गाडीचा तापाचा काटा विजेवर चालत नाही. रेडिएटरपासून एक बारीक नळी येते. पाणी तापलं की नळीतला वायू फुगतो आणि काटा सरकतो, एवढाच कारभार. वायरिंगचा त्याच्याशी संबंध नाही. तेव्हा काटा खोटं बोलेल हे मला मान्य नव्हतं, आणि पाणी खोटं बोलेल हेही नाही.

"वायरी बघितल्या का?" मी ओरडलो.

"सगळ्या थंड हायेत." तो हात काखेत धरून बसला होता. "लई थंड."

तो पाय मोकळे करायला खाली उतरला. मी बघत होतो. त्यानं दार लावलं आणि काटा शांतपणे खाली आला. पंप टकटकायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. पार वेरूळपर्यंत जाऊन आलो. गाडी लोण्यासारखी चालली. म्हणजे माणसाच्या वजनानं सीट दबते आणि खालची वायर चेपते, इतकं साधं. मी सीट उपसून काढली. खाली वायरच नव्हती. तरी डाव्या सीटवर कमरोद्दीनच्या वजनाचं गव्हाचं पोतं ठेवून नेलं. काटा हलला नाही. पोतं उतरवलं, कमरोद्दीनला बसवलं, काटा चढला. सांगताना सोपं वाटतं, पण तिथं उन्हात उभं राहून मला ती गाडी घणानं फोडावीशी वाटत होती.

मग आम्ही जागा बदलल्या. तो चालवायला, मी डावीकडं. आधी घाम वाळला. मग गळ्यापासून खाली एक ओल पसरत गेल्यासारखं झालं, अंगात ओला कपडा राहिल्यावर होतं तसं. सदऱ्याला हात लावला. कोरडा ठणठणीत होता. मे महिन्याच्या दुपारी माझे दात वाजायला लागले. आणि झोप आली. झोपू नये असं सारखं वाटत होतं आणि डोळे उघडत नव्हते.

कमरोद्दीननं गाडी थांबवून मला दंड धरून बाहेर ओढलं.

"कळलं?" तो म्हणाला.

"काय कळायचंय? ऊन लागलं असंल," मी खेकसलो. त्या सीटवर मी पुन्हा बसलो नाही.

तो मात्र बसला. मी ट्रायल बंद केल्या, तर तो उभ्या गाडीत जाऊन बसायला लागला. दुपारच्याला, डॅशबोर्डखाली हात घालून. कच्चा जोड सापडल्याशिवाय काम सोडायचं नाही हा त्याचा हट्ट जुना होता आणि त्या हट्टावरच आमचं गॅरेज उभं राहिलं होतं, पण हे निराळं होतं. मी एकदा हाताला धरून त्याला उतरवलं आणि हात सोडून दिला. नळाखाली धरल्यासारखा गार होता.

"मरायचंय का तुला?"

"तू ओरडू नको भाई. वायरीत खोट नाय. सीटला थंडी वाजती."

"सीटला थंडी वाजती! लोकांना सांग, लोक दगड मारतील."

तो हसला नाही. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला. दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून आला. डॉक्टरनं तोंडात थर्मामीटर घातला, झटकला, पुन्हा घातला. पारा जागचा उठेना. थर्मामीटर बिघडलाय म्हणून डॉक्टरनं तो कचऱ्यात टाकला आणि टॉनिक लिहून दिलं. शिकल्यासवरल्या माणसानं केलेला हा इलाज. म्हशीला दुखणं आणि पखालीला औषध.

मग मेहरुन्निसा गॅरेजवर आली. कमरोद्दीनची बायको. इतक्या वर्षांत ती गॅरेजची पायरी चढली नव्हती. बाहेरच उभी राहिली.

"किसनभाई, इनको बुखार नई है. बुखार का उलटा है. रात को मैं चार गोदड्या डालती. गोदड्या बी ठंडी हो जाती." मग गाडीकडं न बघता म्हणाली, "वो चीज जिसकी है उसको दे दो. आज के आज."

मला कुणी हुकूम सोडलेला खपत नाही. पण त्या दिवशी मी निमूट चावी घेतली. कमरोद्दीन तीन दिवसांपासून बायजीपुऱ्यात घरी अंथरुणावर होता. म्हटलं, ही ब्याद काकासाहेबाच्या दारात उभी करायची, त्याला चार शब्द सुनवायचे आणि परत यायचं. माझा माणूस बरा व्हायला हवा होता. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं.

दौलताबादच्या वेशीतून गाडी बाहेर काढली तेव्हा काटा चढायला लागला.

मी एकटा होतो. डावीकडं कुणी नव्हतं, पोतंही नव्हतं. काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकला. मी गाडी बंद पडायची वाट बघत राहिलो. ती पडली नाही. उलट इतकी सुरेख चालली की घाट कधी चढलो ते कळलं नाही. फक्त डावीकडून ऊब यायला लागली. इंजिनाची नव्हे. शेजारी माणूस बसलं की येते तेवढीच. मी तिकडं बघितलं नाही. देवगाव येईतो एकदाही बघितलं नाही.

काकासाहेबांच्या ओसरीवर त्यांची आई दगडाबाई शेंगा फोडत बसली होती. गाडी दिसताच म्हातारी हातातलं सूप ठेवून उठली, काठी टेकत आली आणि तिनं डाव्या सीटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मागं वळून लेकाला म्हणाली, "ऊब धरली रं. आता इक."

माझ्या डोक्यात सणक गेली.

"काय ठाऊक होतं तुम्हाला?"

काकासाहेब कानाची पाळी चोळायला लागले. "म्हातारी हाय वो. मनावर नका घेऊ."

"डाव्या सीटवर कोण बसायचं?"

"कुणीच नाय. आमचे वडील एकटेच चालवायचे. कुणाला बसू देत नव्हते."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुमी इचारलं नाय."

मी त्याची बंडी धरली. आयुष्यात मी फार जणांच्या अंगावर गेलो, पण त्या दिवशीसारखा नाही. "गाडी कुणाची? तुमच्या बापानं तर घेतली नसेल ही."

"पोलीस ॲक्शनच्या सालात, निजाम गेला तवा, एक जण ठिवून गेला."

"एकटा होता?"

तो आईकडं बघायला लागला.

"भादवा व्हता," दगडाबाई म्हणाली. ती पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसली होती. "पाऊस उघडत नव्हता. लई भिजली व्हती बाई. ऊब द्या म्हनं, ऊब द्या."

"मग?"

"मग काय. समदेच भ्यालेले व्हते तवा. कुनी दार उघडलं नाय. सकाळी त्या सीटवरच थंड पडली व्हती." तिनं एक शेंग फोडली.

मी एसटीनं परतलो.

बायजीपुऱ्यातल्या बोळात माणसं उभी होती. कमरोद्दीन दुपारीच गेला होता, मी वाटेत होतो तेव्हा. कोणत्या वेळी ते मी विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

आत वेगळाच घोळ चालला होता. गुस्ल म्हणजे शेवटची अंघोळ द्यायला आलेल्या दोघांनी अंगाला हात लावला आणि मागं सरकले. अंग गरम होतं. डॉक्टरला परत बोलावलं. त्यानं छाती ऐकली, डोळ्यात बॅटरी टाकली, नाकाशी आरसा धरला. गेलेत, म्हणाला. पण त्याचाही हात अंगावरून लगेच निघाला.

थंड व्हायची वाट बघितली. ऊन उतरलं. अंग गरमच. म्हातारे म्हणाले, उन्हाळ्यात मय्यत अशी ठेवता येत नाही, उशीर करणं चांगलं नाही. मेहरुन्निसा दारात आडवी उभी राहिली.

"गरम आदमी को मिट्टी में कैसे डालते तुम?"

मग तिनं मला हाक मारली. "किसनभाई, तुम बोलो. उन्ने तुम्हारीच सुनते थे."

मी त्याचं मनगट धरलं. नाडी नव्हती. बोटं मऊ, कोवळ्या उन्हात बसलेल्या माणसासारखी उबदार. मला इतका संताप आला की भिंतीवर डोकं आपटावं. साऱ्या गावाच्या मिटल्या दारांची भरपाई माझ्या कमरोद्दीननं का करायची? कुणी लावला हा हिशेब?

"ले जाओ," मी म्हणालो.

ती बाजूला झाली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

महिन्याभरानं काकासाहेबांचा माणूस पुंजाराम पेढे घेऊन आला. गाडी विकली गेली. हॉटेलवाला बायकोला शेजारी बसवून पार मुंबईपर्यंत गेला, कुठं तापली नाही, कुठं करंट गेला नाही. मिस्त्रीचा हात चांगला, असं त्यानं मुद्दाम कळवलं होतं. मी पेढे पुडक्यासकट गटारात फेकले.

कबरस्तानात मी जातो. पावसाळ्यात त्याच्या मातीवर गवत धरलं नाही. शेजारी सगळीकडं गुडघाभर होतं.

आता थंडी पडली आहे. सकाळी तिथं आसपासच्या वस्तीतल्या शेळ्या येतात. मोठ्या शेळ्या पश्चिमेच्या भिंतीवर पडलेल्या उन्हात उभ्या राहतात. करडं मात्र ऊन सोडून कडुनिंबाच्या गार सावलीत येतात आणि त्या एकाच कबरीवर, एकमेकांना खेटून, झोपतात.