भोरडीचा नगारा

सह्याद्रीच्या कुशीतल्या भोरडीच्या गढीवर झुंजुमुंजू होत होते, आणि वेशीतल्या तांब्याच्या नगाऱ्याभोवती राजधानीहून आलेल्या सुभेदारांचे भालाईत उभे होते. या नगाऱ्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. ज्याच्यावर अन्याय होई त्याने, मग तो कुणीही असो, त्यावर टिपरू हाणावे. घरटी एक माणूस धावून येई, खुद्द देशमुख अनवाणी खाली उतरत आणि सारे गोत, म्हणजे गावची सभा, बसून न्याय करी. राजधानीच्या डोळ्यांत नेमके हेच सलत होते. मुलखात न्याय एक, नगारा एक, आणि तोही हुजुरांचाच!

"नगाऱ्याचे कातडे फाडा, देशमुख," सुभेदार नागोराव गोडीत म्हणाले, "गढी आणि वतन आपलेच राहील."

हैबतराव देशमुखांनी मान खाली घातली. माणूस भित्रा नव्हता. पण वतनाचा मोह भल्याभल्यांना आंधळे करतो.

"धनी, नगारा तुमचा न्हाई, गोताचा हाय!" म्हणत भैरू गुरव आडवा आला. रोज पहाटे तोच नगाऱ्याची पूजा करी. त्याने दोन्ही हातांनी नगारा कवटाळला. सुभेदारांनी देशमुखांकडे नुसते पाहिले, आणि देशमुखांनी हुकूम दिला. भैरूचे दोन्ही हात मनगटापासून तोडले गेले. रक्ताने भिजलेले कातडे देशमुखांनी स्वतःच्या कट्यारीने फाडले.

दसरा उलटतो न उलटतो तोच सुभेदार परत आले. आता हुजुरांना गढीही हवी होती. भालाइतांनी देशमुखांच्या एकुलत्या एक मुलाला, जोत्याजीला, दोरखंडाने बांधून बाहेर ओढले, तेव्हा हैबतराव अनवाणीच वेशीकडे धावले आणि नगाऱ्याच्या उघड्या तांब्यावर तलवारीची मूठ आपटत राहिले. तो खणखणाट घरोघरी ऐकू गेला. घरोघरी आतून कड्या लागल्या.

एकच माणूस आला. थोटे हात छातीशी धरून भैरू वाटेच्या मधोमध चालत आला आणि रिवाजाप्रमाणे नगाऱ्यासमोर मांडी घालून बसला.

"भैरू, तू?" देशमुख मूठ आपटायचे थांबले.

"नगारा वाजला, धनी. गोत आलंय. फिर्याद सांगा."

सुभेदार पोट धरून हसले. "सांगा, सांगा देशमुख! फिर्याद कुणावर?"

देशमुखांनी त्या मनगटांकडे पाहिले.

"माझ्यावर," ते म्हणाले.

आधी जोत्याजीचे शिर उडाले, बापाच्या डोळ्यांदेखत, मग बापाचे. भैरूला मुद्दाम जिवंत ठेवले, गावोगाव दाखवायला. नगारा वितळवून त्याची सुभ्याच्या कचेरीसाठी घंटा ओतली गेली. ती वाजली की भोरडीची माणसे दारे लावून गप्प बसत.