नऊ माणसांची मोठी कंपनी

सकाळी दहा वाजता कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या सगळ्या छोट्या कारखान्यांतल्या कामगारांच्या हातांतले यंत्रमोजे एका स्पर्शजालात जोडले गेले. तात्या शिंत्रे यांच्या नऊ माणसांच्या फौंड्रीत साचे करणाऱ्या रेवती माणगावे यांचा पगार त्याच क्षणी दुप्पट झाला.

समोर एका मोठ्या कंपनीचे भरती अधिकारी कुलदीप बेनाडीकर नेमणूकपत्र घेऊन बसले होते. त्यातही दुप्पटच पगार होता. मुलीच्या शिक्षणासाठी रेवती आज सही करणार होती. फौंड्री सोडणे मात्र तिच्या जिवावर आले होते.

"हे कसं काय?" बेनाडीकरांनी जाल उभारणाऱ्या डॉ. नेजकरांना विचारले.

"तुमची कंपनी जास्त पगार का देते? एकाची युक्ती हजार हातांच्या कामी येते म्हणून. आता रेवतीताई साच्यातली वाळू कशी दाबतात, ते मोज्यांतून प्रत्येक कारखान्यातल्या हातांना जाणवतं. त्याचा मोबदला जालातून येतो. जाल मोठं, म्हणजे कंपनी मोठी."

"पण चुकाही पसरतील की! आमच्याकडं तर चूक कोण कबूलच करत नाही."

तात्या हसले. "आमच्यात ज्याचं कास्टिंग फसलं त्यानं भडंग आणायचं आणि खाता खाता चूक सांगायची. रेवते, परवा कुणाची पाळी होती गं?"

"तुमचीच की! शेंगदाणे पण मोजून टाकलेले."

रेवतीने पत्र परत दिले आणि मोजे चढवले.

दुपारी चारला बेनाडीकर पुन्हा आले. हातात भडंगाची भलीमोठी पिशवी होती.

"काय ओ साहेब, तुमचं काय फसलं?" रेवतीने विचारले.

"आमची माणसं कंपनीवरच्या मायेपोटी टिकलीत, असं मी आमच्या वरच्या साहेबांना सांगत आलो. ती पगारापोटी टिकली होती. आता पगार सगळीकडं सारखाच. अर्ध्या माणसांना इकडं यायचंय." त्यांनी पिशवी तात्यांपुढे ठेवली. "पहिला अर्ज माझा."

तात्यांनी दाराबाहेर नजर टाकली. रांग वळणापर्यंत गेली होती.

"एवढ्यांना घेतलं तर आपलीच मोठी कंपनी होईल," ते म्हणाले. "मग चूक कोण सांगणार?"

"आधी साहेबांना बसू तरी द्या," रेवती म्हणाली.

संध्याकाळी सहापर्यंत तात्यांनी एकाही अर्जावर निर्णय दिला नव्हता. भडंग संपले होते. बेनाडीकरांसाठी शेजारच्या कारखान्यातून आणलेले दहावे स्टूल अद्याप परत गेलेले नाही.