बेदाण्याच्या खोलीचं दार

शेतातल्या मोटारीची लाईट बारा वाजता येणार. तवर जवळ सरकून बसा, एक सांगतो. ऐकीव न्हवं, माझ्या दोस्ताच्या घरातलं हाय.

तासगाव रस्त्याला बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज हाय. तिथली यंत्रं माझा दोस्त लालासाहेब बघायचा. हाताखाली त्येचाच पोरगा, जयराज. मागं तिथनं बेदाण्याच्या पेट्या चोरीला गेल्या, तवा मालकानं खोलीच्या दारावर नवं मशीन बसवलं. आत जाताना कार्ड लावायचं. बाहेर येताना मात्र मशीनसमोर तोंड करून नाव सांगायचं. चेहरा आन् आवाज दोन्ही जुळलं, तरच दार उघडणार. मालक म्हणायचा, चोर आत गेला तर जाऊ द्या, बाहेर आला न्हाई पायजे. लय शाणा माणूस.

गेल्या डिसेंबरात लालासाहेब झटक्यात गेला. एकोणीस तारखेला, शुक्रवारी, त्येचा दहावा झाला. जयराजनं डोकं, मिशा, सगळं उतरवलं. रडून रडून घसा बसलेला. त्यात त्या दिशी अमावास्या. रात्री सव्वानऊला त्येच्या मोबाईलवर निरोप आला, चार नंबरच्या खोलीतला गारवा कमी व्हायलाय. बापानं ईस वर्सं संभाळलेली खोली ती, त्येला बसवंना. त्येची आई, लीलावयनी, म्हणाल्या, "आज नगं जाऊस बाळा." दहा मिनटात आलोच म्हणून अंगावरच्या सदऱ्यानिशी गेला. वॉचमन जेवायला गावात गेल्ता.

कार्ड लावून आत गेला, तर पंख्याचा खटका पडलेला. त्येनं वर केला, पंखा फिराय लागला. काम झालं म्हणून दाराजवळ आला आन् नाव सांगितलं.

मशीन म्हणालं, "ओळख पटली नाही."

तवा त्येच्या ध्यानात आलं. मशीनला ठावा व्हता त्यो मिशावाला जयराज. तुळतुळीत डोक्यावरनं हात फिरवून गडी हासला सुदीक. परत नाव सांगितलं. परत तेच. तिसऱ्यांदा चुकल्यावर मशीन म्हणालं, पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.

मोबाईलला रेंज न्हाई. भिंतीत वीतभर थर्माकोल, कितीबी वरडा, बाहेर ऐकू जात न्हाई. आत चार डिग्री.

पंधरा मिनटं झाली. तीनदा नाव सांगितलं. न्हाई. परत पंधरा मिनटं... न्हाई. दात वाजाय लागलं तसा आवाज आनखीच बदलला. बोटं बधिर झाली. साडेअकराला त्यो पेट्यांला टेकून खाली बसला. आपण सकाळ बघत न्हाई, हे त्येला कळलं. आई घरात एकटी...

"आण्णा," एवढंच त्येच्या तोंडातनं निघालं.

मागं, पेट्यांच्या रांगेत, कुणीतरी खाकरलं.

लालासाहेब दार उघडायच्या आधी आसाच खाकरायचा.

जयराजनं मागं बघितलं न्हाई. आपण कवा उठलो, कवा मशीनसमोर गेलो, त्येला आठवत न्हाई. दिवा तेवढा हिरवा झाला...

"ओळख पटली. लालासाहेब."

दार उघडलं.

सकाळी मशीनवाला इंजिनियर आला. मी बी व्हतो तिथं. त्यो म्हणाला, यात काय न्हाई. वडलांचं नाव मशीनमधनं काढायचं ऱ्हाऊन गेलं. डोकं-मिशा काढल्यावर पोरगं बापावर गेलेलं दिसतंय, घसा बसल्यावर आवाज बी तसाच. मशीन फसलं. मला बी ते पटलं. त्येनं रात्रीची नोंद काढून दावली. लालासाहेब, बाहेर, अकरा सत्तेचाळीस. वरच्या वळीत जयराज, आत, नऊ एकेचाळीस. त्येच्या बाहेर येण्याची नोंदच न्हाई. मशीनच्या लेखी त्यो अजून आतच हाय.

पोरगं वाचलं म्हणून मी देवाला नारळ फोडला.

आता ऐका. जयराज मला ल्हानपणापास्नं 'नानाकाका' म्हणतो. 'नान्या' म्हणणारा सगळ्या गावात एकच गडी व्हता, त्येच्या चितेला मी स्वतः लाकडं लावलीत.

तेराव्याला पंगत उठली. जयराज माझ्या शेजारी येऊन बसला. दाराकडं बघत व्हता. मग खाकरला.

"नान्या," त्यो म्हणाला, "पोराला लय थंडी वाजत आसंल रं."